उपासनेला हजेरी कशाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

नाताळ जवळ आला की आमच्याकडे सोलापुरात चर्चमध्ये गाण्यांची प्रॅक्टिस सुरू होते, पोरं-पोरी संध्याकाळी जमतात, ते छानच आहे. पण आमच्या चर्चच्या मंडळीत मागच्या वर्षापासून रविवारच्या उपासनेला तरुणांची हजेरी घेतात, महिन्यात दोन खाडे झाले तर नाताळच्या कार्यक्रमात भाग नाही. पोरं मोबाईलमध्ये अडकलीत म्हणून कमिटीने काळजीपोटीच केलंय, तरी मला हे पटत नाही, आणि मोकळेपणी लिहितोय कारण घरात मीपण हेच केलंय.

माझा मुलगा कॉलेजला आहे. दर रविवारी मी ओरडून उठवायचो, तो यायचा, शेजारी उभा राहायचा, गाणं सुरू झालं की ओठ हलायचे. एकदा मुद्दाम कान देऊन ऐकलं तर आवाजच नाही. तेव्हा बायबलमधलं, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातलं वचन आठवलं, हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे. ते मलाच लागलं, कारण ते ओठ मीच हलवायला लावले होते.

देवाला सक्तीच करायची असती तर त्याला काय अवघड होतं? बायबलमध्ये इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा म्हातारपणी सगळ्यांना गोळा करून सांगतो, कोणाची सेवा करायची ते आज निवडा. येशूकडे आलेला तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, येशूने त्याच्यावर प्रीती केली असं मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो, तरी मागे धावून हात नाही धरला. आता माणसाची इच्छा मुळात किती मोकळी आहे यावर युरोपातले विद्वान इरॅस्मस आणि धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर 1524-25 साली भांडले, तो वाद अजून चालूच आहे. पण ल्यूथरचंच खरं मानलं, की इच्छा पापात अडकलेली आहे, तरी तो म्हणतो ती देवाची कृपा सोडवते. हजेरीच्या वहीतल्या खुणेने ती सुटत नाही.

आपल्याकडचंच बघा ना. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नाही घेतला. संसार तुटला, त्या काही काळ आपल्या पंढरपुरात राहिल्या, किती त्रास झाला असेल त्या बाईला. पुढे पाच वर्षांनी, 1900 साली, स्वतःला पटलं तेव्हाच त्या ख्रिस्ती झाल्या. आणि टिळक गेल्यावर अर्धवट राहिलेलं त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुढे लिहायला घेतलं. नवऱ्याने पहिल्याच वर्षी जबरदस्तीने बाप्तिस्मा द्यायला लावला असता तर हे झालं असतं का?

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तुम्हाला माहीतच आहे, एका रविवारी नेमकं सकाळीच आलं. मावशी पिंपं भरून, पदर अर्धा ओला, प्रवचन संपता संपता आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि शेवटची प्रार्थना झाल्यावरही डोळे मिटून तशाच होत्या, बाहेर चहा सुरू झाला तरी. त्यांचं कोणी नाव लिहिलं नाही, त्यांनाही त्याचं काही नव्हतं.

मुलाला मी आता उठवत नाही. निघताना फक्त सांगतो, मी चाललोय, तुला यायचं असेल तर ये. काही रविवार येतो, काही रविवार नाही येत. पाळकसाहेबांना आणि कमिटीला माझी कळकळीची विनंती आहे, या नाताळला ती वही काढू नका, ज्याला गायचंय त्याला गाऊ द्या, खाडे कितीही असोत.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर