साहेब, तुम्ही उठून बाहेर गेलात त्याबद्दल

आदरणीय साहेब,

सा. न. वि. वि.

मुलीचा सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का झाला. फी भरून घरी आले आणि आधी हे पत्र लिहायला बसले. चारचौघांनी वाचावं म्हणून मुद्दाम उघड लिहितेय. ज्यांच्या घरी ऑप्शन फॉर्मवरून वाद चालू आहेत, त्यांना तुमच्यासारखा सिव्हिल इंजिनिअर भेटावा असं फार वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही चांगले पैसे मोजून एका समुपदेशकाकडे गेलो होतो. सीईटीचं पर्सेंटाइल पाहून त्यांनी छापील यादी हातात ठेवली. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स, मग ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम. मुलीला काय आवडतं हे सोडाच, तिचं नावसुद्धा विचारलं नाही. नातेवाईकही त्याच सुरात. ‘मुलीला साइट झेपणार आहे का?’ असं विचारणाऱ्यांपैकी एकानेही कधी साइटवर पाय ठेवलेला नव्हता. पोर जेवेनाशी झाली होती. कोयनेचे दरवाजे उघडले की बघायला न्या म्हणून लहानपणापासून हट्ट करणारी मुलगी ही!

तुम्ही मात्र आमच्याकडे न बघता तिच्याकडे बघून विचारलंत, ‘तुला काय जाणून घ्यायचंय?’ ती म्हणाली, १९६७च्या भूकंपात कोयना धरण टिकलं कसं? तुम्ही ती छापील यादीच पालथी घातलीत आणि पाठकोऱ्या बाजूवर धरणाचा छेद काढलात. १०३ मीटर उंचीचं धरण. ११ डिसेंबरच्या पहाटे त्याला तडे गेले ते वरच्या भागात, पाण्याच्या विरुद्ध अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीला. पुढे त्या अंगाला काँक्रीटचे आधार देऊन धरण बळकट केलं. मला सगळं कळलं नाही, पण तिने पेन्सिल घेऊन तुमच्या चित्रात भर घालायला सुरुवात केली तेव्हा काय ते कळलं.

नोकरीचंही तुम्ही काही झाकून ठेवलं नाहीत. स्लॅब भरायला घेतला की मध्येच सोडून घरी जाता येत नाही. काँक्रीटचा पंप बंद पडला तर रात्र साइटवरच. एम-२५ काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद, मग ठेकेदार कितीही घाई करो. चाचणीचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, नापास झाला तर तसं लिहायची हिंमत हवी. सुरुवातीचा पगार बरोबरच्या कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमीच. डिझाइनच्या ऑफिसात बसायचं तर एम.टेक. केलेलं बरं. एमपीएससीची जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा हातात काम ठेवून अभ्यास करायचा. कॉम्प्युटरलाही तुम्ही नावं ठेवली नाहीत. तुमच्याच वर्गातले कितीतरी जण पुढे आयटीत गेले आणि सुखात आहेत, हेही सांगितलंत.

पण मला खरं लिहायचंय ते पुढचं. वहिनी चहा घेऊन आल्या. तुम्ही म्हणालात, ‘मी सांगणार नाही ते ही सांगेल,’ आणि आपला कप घेऊन उठून बाहेर गेलात. जाताना दारही ओढून घेतलंत.

साहेब, स्वतःच्या संसाराचा हिशेब बायकोला परक्यांसमोर मोकळेपणी मांडू द्यायचा आणि तो ऐकायलाही थांबायचं नाही, हे मी आजवर कुठल्या पुरुषाला करताना पाहिलं नव्हतं. वहिनी खरंच मोकळेपणी बोलल्या. बदल्यांमुळे मुलांच्या शाळा किती वेळा बदलल्या, पुराच्या दिवसांत तुम्ही घरी फक्त कपडे बदलायला कसे येता, लेकरू तापाने फणफणलेलं असताना त्या एकट्याच दवाखान्यात कशा बसल्या होत्या. मुलीला म्हणाल्या, ‘तुझ्या बाबतीत घराबाहेर राहणारी तू असशील. तेव्हा घर सांभाळणारा माणूस आत्तापासून डोक्यात ठेव.’ इतका कामाचा सल्ला आम्हाला कुणी दिला नव्हता. त्यानंतर मुलीने सिव्हिल निवडलं ते सगळं ऐकून, समजून. म्हणून मला आता तिची धास्ती वाटत नाही.

फीचं पाकीट पुढे केलं तर तुम्ही हात जोडलेत. अधिकार हातात असून असं वागणारी माणसं सरकारी खात्यांत आहेत, कारखान्यांत आहेत, शाळांत आहेत. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आरडाओरडा होतो तो दुसऱ्यांचा. मी लिहिणार.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांचा नंबर मुलीने मागून घेतलाय आणि कॉलेज सुरू झालं की ती त्यांनाच फोन करणार आहे. तुम्हाला नाही! पावसाळ्यात तुम्ही कामात असता, हे तिने लक्षात ठेवलंय.

आपली नम्र,
एका होऊ घातलेल्या सिव्हिल इंजिनिअरची आई