मस्कतला याल तेव्हा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, 'मस्कतमध्ये काय काय बघावं' ही तुमची व्हॉट्सॲपवरची यादी मिळाली. सतरा ठिकाणं, आणि तुमचा मुक्काम दहा दिवसांचा. आईचे गुडघे आठवून मी निम्म्या नावांवर काट मारलीय. रागावू नका.

एक लक्षात घ्या, इथली खरी मजा सकाळची. आपल्या इंदूरसारखं नाही, की रात्री दहानंतर सराफ्याच्या खाऊबाजारात पाय ठेवायला जागा नसते. बाबा पाचला उठून अख्ख्या वाड्याची झोपमोड करतात ना, ते इथे कामी येईल.

पहिल्यांदा सुलतान काबूस मशीद. आपल्यासारख्या बिगरमुस्लिमांना सकाळी 8 ते 11 एवढंच आत सोडतात, शुक्रवारी नाही. पहिल्या वर्षी मी सव्वाअकराला पोचलो. दारावरच्या माणसाने हसून नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. भर जुलै, टॅक्सी मिळेपर्यंत शर्ट पिळायची वेळ आली. आई, लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस आण आणि मोठी ओढणी, केस झाकावे लागतात.

बाबा, मिलच्या विणाई खात्यात तुमची हयात गेली, म्हणून मशिदीतल्या गालिच्याचे आकडे मुद्दाम देतो. 70 मीटर बाय 60 मीटर, वजन 21 टन, गाठी 170 कोटी. इराणमध्ये 600 बायकांनी चार वर्षं खपून विणलाय. त्याच्यावर पाय ठेवू देत नाहीत, वरून पट्टी अंथरलीय तिच्यावरूनच चालायचं. तुम्ही काठाशी उकिडवे बसून गाठी मोजायला लागणार, हे मला आत्ताच दिसतंय. आणि बांधकामाचा दगड आपल्याकडचा, 3 लाख टन इकडे आणला.

तिथे किंवा कुठेही कोणी कहवा, म्हणजे इथली कॉफी, दिला, तर बिनदुधाचा, बिनसाखरेचा, वेलचीचा असतो, सोबत खजूर. पुरे झाला की रिकामी वाटी हातात जराशी हलवायची. मला हे माहीत नव्हतं. संकोचापोटी सात वाट्या प्यायलो आणि रात्रभर छताकडे बघत पडलो.

दुसऱ्या दिवशी मत्रह. बंदराला लागून किनाऱ्याचा रस्ता आहे, तिथे सकाळी चालू. मासळी बाजारात आई येणार नाही, हे गृहीत धरलंय. मागचा सूक म्हणजे जुना बाजार, गल्ल्या इतक्या अंधाऱ्या की त्याला अंधाराचाच बाजार म्हणतात. आत शिरलं की लोबानाचा वास. दुकानदार बहुतेक हिंदी बोलतात, तेव्हा आई, घासाघीस बिनधास्त कर. फक्त दर वेळी रियालचे रुपये करत बसू नकोस, चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही. सुटे पैसे 'बैसा', म्हणजे आपला पैसाच. 1970 पर्यंत इथे रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपया चालत होता.

जुन्या मस्कतमधले जलाली आणि मिरानी हे किल्ले बाहेरूनच बघू. पोर्तुगीजांचे आहेत. बाबा वसईची गोष्ट काढणार, म्हणून आधीच सांगतो: आपण वसई 1739 मध्ये घेतली, या ओमानींनी पोर्तुगीजांना 1650 मध्येच हाकललं होतं. जवळच मोतीश्वर महादेवाचं देऊळ आहे. नाही आई, हे अहिल्याबाईंनी बांधलेलं नाही.

ऑपेरा हाऊस वगैरे गाडीतून दाखवीन.

आईने जुहूसारखा सूर्यास्त बघायचा म्हटलंय. ते जमणार नाही. जानेवारीत आमच्या कुरुमच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडत नाही, जमिनीच्या बाजूलाच मावळतो. त्यापेक्षा सकाळीच जाऊ, साडेसहाच्या आत वाळूवर. थर्मासमध्ये चहा मी आणीन, जानेवारीत शाल लागेल.

येताना सेव आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावन आणा. पोहे इथे मिळतात, जिरावन कुठेच मिळत नाही.

तुमचा,
धाकटा