इंजिन बदललं, नोंद कोण बदलणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या सदरात इंदूरच्याच एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप पिकअप त्यांच्याकडे आहे, इंजिन थकलंय, आणि लोहामंडीतून एखादं डिझेल इंजिन आणून बसवायचा त्यांचा विचार आहे. "मिस्त्री चार दिवसांत करून देतो म्हणतो, मग आरटीओची आडकाठी कशाला?" असा त्यांचा सवाल. निम्मा सवाल मलाही मान्य आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र. माझी नोकरी पीथमपूरला आणि नंतरचा धंदा सांवेर रोडवर, सगळा इंजिनांतच गेला, तेव्हा पत्र लांबणार; जागा नसेल तर खुशाल कात्री लावा.

हा उद्योग आजचा नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा अँबॅसिडरच्या टॅक्स्यांत मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसली, जीपमध्ये पर्किन्सची बसली. पुढे महिंद्रानेच एमएम ५४० जीप प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनासह विकली. अमेरिकेतही इसुझूने बनवलेली आणि शेवरोलेच्या नावाने विकली जाणारी 'लव्ह' ही छोटी पिकअप १९८१ पासून २.२ लिटर डिझेलमध्ये मिळत होती. म्हणजे लहान पिकअपला डिझेल शोभतं, हे कंपन्यांनाही पटलेलं होतं. भरल्या हौद्यानिशी सिमरोलच्या पुढचा भेरूघाट चढताना ज्याने पेट्रोल जीपला पहिल्या गियरमध्ये रडवलंय, त्याला कमी फेऱ्यांतली डिझेलची ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

इंधनावर पैसे वाचतील म्हणून मात्र हा खटाटोप करू नये. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये मोकळे केले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. जुनी मोठी तफावत त्यानंतर राहिली नाही. आता उरलंय ते मायलेज आणि ओढ. वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला बदलाचा खर्च कधी वसूल होणार, हे आधी कागदावर मांडून बघा.

आता "चार दिवसांत" विषयी. इंजिन चार दिवसांत बसतं, यात खोटं काही नाही. पण बसणं आणि चालणं यांत फरक आहे. हाउसिंग आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये अॅडॉप्टर प्लेट घालताना केंद्र केसभर जरी सरकलं, तरी पायलट बेअरिंग आवाज करायला लागतं आणि मागोमाग गियरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं. जुन्या जीपच्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे धुऱ्यातल्या दातेरी चाकांचं, प्रमाण ५.३८, ते पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाने दिलेलं. डिझेल तितकं फिरत नाही, म्हणून क्राउन-पिनियन बदललं नाही तर साध्या रस्त्यावरही इंजिन किंचाळत राहतं आणि मालक म्हणतो, इंजेक्शन पंप खराब निघाला. डिझेल इंजिनाच्या जास्तीच्या वजनाने पुढचे पाटे (स्प्रिंगा) बसतात. इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर जुने ठेवले तर धक्क्यांनी रेडिएटरचे टाके सुटतात. इंधनाच्या टाकीला परतीची नळी नसते, ती काढावी लागते, कारण नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत जायला हवं. आणि पेट्रोलच्या जुन्या टाकीतला गंज? त्याने फिल्टर ओलांडला की पंपाचा प्लंजर गेलाच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते व्हॅक्यूमकडे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, अर्धवट बंद असतो, त्यामुळे हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये आपोआप शोषण, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतं. डिझेलला तसा थ्रॉटल नाही, म्हणून तिथे हा व्हॅक्यूम मिळत नाही. ब्रेकला पेडल हलकं करणारा बूस्टर असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावाच लागतो. तो नसेल तर भरल्या गाडीला ब्रेक लावताना पेडल दगडासारखं कडक होतं. काही जुन्या जीपचे वायपरसुद्धा व्हॅक्यूमवर चालायचे, ते पहिल्याच पावसात बंद पडतात आणि बिचारा मालक वायपरची मोटर शोधत बसतो. चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही, त्यासाठी स्टॉप केबल हवी. सेल्फ जड, हीटर प्लगही करंट खाणार. तेव्हा बॅटरी मोठी आणि अर्थची तार जाड.

यातलं अवघड काहीच नाही. पण ब्रेक आणि पाटे कुणीतरी तपासायला हवेत, आणि आज ते कुणीच तपासत नाही. याचं कारण कायद्यात आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात सुरुवातीला सरळ वाट होती. नोंदणी अधिकाऱ्याला कळवा, मंजुरी घ्या, मग बदल करा. २००० सालच्या दुरुस्तीने ती वाट बुजवली. नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदलच करायचा नाही, असं ठरलं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या किटला अटींसह सूट मिळाली. त्याच प्रकारचं, त्याच कंपनीचं इंजिन मंजुरीशिवाय बदलायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं, पण ज्याच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत त्यालाच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही, हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आली.

मग लोक थांबले का? नाही. इंजिन बदललं जातं, आरसीवर पेट्रोल तसंच राहतं. पीयूसी केंद्रावर गाडीचा नंबर टाकला की नोंदीतलं इंधन समोर येतं. पेट्रोलची तपासणी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनची. डिझेलची तपासणी धुराच्या दाटपणाची, जुन्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज (हे धुराच्या दाटपणाचं माप). कागदावर पेट्रोल असलेल्या डिझेल गाडीचा धूर मग मोजणार कोण? एक तर खोटं प्रमाणपत्र निघतं, नाहीतर निघतच नाही. ज्या धुरासाठी बंदी आहे तोच धूर बंदीमुळे मोजला जात नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहराला हे कसं चालतं, मला कळत नाही.

म्हणून सगळ्यांना मोकळं रान द्या असं माझं म्हणणं नाही. वीस वर्षं जुनं भंगारातलं डिझेल शहरात धूर ओकत फिरावं, हे कुणालाच नको. पण कंपनीने त्याच गाडीत, त्याच चासीवर जे इंजिन स्वतः दिलेलं आहे, ते बसवणाऱ्याला तपासणीची वाट असावी. इंजिन खरेदीची पावती, ब्रेक आणि पाट्यांची पाहणी, धुराची चाचणी, आणि हे सगळं नीट निघालं तर आरसीवर नवा नंबर आणि नवं इंधन. पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ पासून आहे. जीपला तिथे पळवायची गरज नाही, जिल्ह्याचा निरीक्षक आणि एक धूरमापक यंत्र पुरे. कायदा केंद्राचा, पण खासदार आपलेच आहेत, आपल्या दैनिकाने हा विषय त्यांच्यापर्यंत न्यावा.

पत्रलेखक गृहस्थांना तोवर इतकंच सांगेन. जीपमधल्या जुन्या हरिकेन पेट्रोल इंजिनाचं बोअर करून घ्या, रिंगा टाका. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये अशी त्याची जुनी घडण आहे, तेव्हा व्हॉल्व्ह घासायला जुना माणूस गाठा. गाडीसाठी मंजूर सीएनजी किट मिळत असेल तर तो रस्ता आजही खुला आहे. आणि तरीही डिझेलचाच हट्ट असेल, तर निदान जुनं इंजिन भंगारात विकू नका. आरसीवरचा नंबर त्याच्यावरच आहे, आणि उद्या अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर आधी तोच शोधेल.

आपला,
एक जुना इंजिन मिस्त्री
सुदामा नगर, इंदूर