कोपराला लागले त्याचे खरे कारण

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

श्रावणात मी वाईला आले तेव्हा माझ्या कोपराला पट्टी होती आणि जिन्यावरून पाय घसरला असे मी सांगितले होते. ते खरे नव्हते. मी सायकलवरून पडले होते. परवा फोनवर बाबा म्हणाले की एवढ्या रहदारीत सायकल कशाला, विकून टाक. तेव्हा मी गप्प राहिले, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय काहीही उत्तर देणे मला योग्य वाटेना.

संध्याकाळी कर्वे रस्त्याने घरी येताना मी डाव्या कडेला, उभ्या मोटारींना अगदी खेटून सायकल चालवत होते. जितके कडेला जावे तितके सुरक्षित, अशी माझी तेव्हा समजूत होती. एका मोटारीचे दार एकाएकी उघडले आणि त्यावर आदळून मी रस्त्यावर पडले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्या काकांनी वेळीच ब्रेक दाबला, माझी सायकल पदपथावर नेऊन ठेवली आणि मी नीट उभी राहीपर्यंत ते तिथून हलले नाहीत. डोक्यावर हेल्मेट होते. कोपर आणि गुडघा सोलवटण्यावर निभावले. तुमच्यापासून हे लपवले याची मला फार खंत वाटते.

सायकल मात्र मी सोडलेली नाही. त्या आठवड्यापासून मी आमच्या भागातल्या सायकलवाल्यांच्या गटात जाऊ लागले. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही कर्वे पुतळ्यापाशी जमतो आणि खडकवासल्यावरून डोणज्याला, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन शिक्षिका, महाविद्यालयातली मुले, असे सगळ्या वयाचे लोक असतात. सर्वांत मागे नेहमी एक अनुभवी माणूस राहतो, त्याला आम्ही ‘स्वीप’ म्हणतो. त्याच्या मागे कोणी उरता कामा नये, हा गटाचा पहिला नियम. पुढच्याला खड्डा दिसला की तो हात खाली करून दाखवतो आणि ‘खड्डा!’ असे ओरडतो, आणि तो शब्द एकेकाच्या तोंडून शेवटपर्यंत पोहोचतो. रस्ता अरुंद झाला की गप्पा थांबवून सगळे एकामागे एक होतात.

रस्त्यावर कसे वागावे हे मला गटातल्या त्या बँकेच्या काकांनी शिकवले. उभ्या मोटारीचे दार पूर्ण उघडले तरी आपल्याला लागणार नाही एवढे, म्हणजे निदान एक मीटर अंतर सोडून चालवायचे. आणि दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचे नाही, कारण मग मागच्या चालकाच्या नजरेतून आपण नाहीसे होतो आणि पुन्हा बाहेर येतो ते अचानक त्याच्या पुढ्यात. सिग्नलला बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसणे मी पूर्ण बंद केले आहे. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून, कडेला घासून जातात, आणि नेमक्या त्या जागी सायकलस्वार उभा असतो. काका म्हणतात, आरशात तुला चालक दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. हे वाक्य मी रोज आठवते. नळस्टॉपला उजवीकडे वळायचे असेल आणि गर्दी असेल, तर मी सरळ खाली उतरते आणि सायकल हातात धरून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडते. पाऊस पडत असेल तर रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर ब्रेकही लावत नाही आणि वळतही नाही.

काही रस्त्यांवर मी जातच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या महामार्गाच्या उतारावर अवजड वाहनांचे वारंवार अपघात होतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. तिथे मी सायकल नेत नाही आणि नेणारही नाही.

आई, आणखी एक गोष्ट आताच सांगते, म्हणजे पुन्हा लपवल्यासारखे होणार नाही. हिवाळ्यात मला ‘ब्रेव्हे’ नावाच्या 200 किलोमीटरच्या लांब सायकलफेरीत भाग घ्यायचा आहे. ती शर्यत नसते. साडेतेरा तासांत अंतर पूर्ण करायचे असते, आणि हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा व अंगात चमकणारे जाकीट हे सगळे जवळ बाळगावे लागते. मी एकटी जाणार नाही, गटातल्या दोघीजणी बरोबर आहेत, आणि त्या दिवशी प्रत्येक थांब्यावरून तुला फोन करीन.

बाबा, तुम्ही पुढच्या वेळी पुण्याला याल तेव्हा कर्वेनगरातले विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आपण पाहू. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची सायकल तिथे आहे. तुम्हांला ती हातात घेऊन बघावीशी वाटेल.

या पत्राबरोबर मागे लावायचा एक लाल दिवा पाठवत आहे. तुम्ही रोज संध्याकाळी गणपती घाटावर जाता आणि काळोख पडल्यावर परत येता, पण सायकलचा डायनॅमो बंद पडून दोन वर्षे झाली. मागून येणाऱ्या मोटारीला तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, याची मला इथे बसून काळजी वाटते. दिवा सीटखालच्या नळीला रबराच्या पट्ट्याने बसतो, आईच्या मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो आणि बटण दोनदा दाबले की लुकलुकतो. बसवल्यावर मला फोटो पाठवा.

तुमची,
मनू