वहिनी, बॅग भरायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे लिहून, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. क्रूझच्या हाउसकीपिंगमध्ये तुम्ही इतकी वर्षं काढलीत. तुमच्याकडून आम्हाला जे कळलं, ते पहिल्यांदा क्रूझला निघालेल्या प्रत्येकाला आधी कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी तुमच्याकडे यादी मागितली होती. तुम्ही यादी दिली नाहीत, उलट मलाच विचारलंत, "बोटीवर चढाल तेव्हा तुमच्या मोठ्या बॅगा कुठे असतील?" मला वाटलं, आमच्याबरोबरच असतील ना! मग तुम्ही सगळं समजावून सांगितलंत. टर्मिनलवर पोचलं की मोठ्या बॅगांना केबिन नंबरचे टॅग लावून त्या हमालांच्या ताब्यात द्यायच्या. मग त्यांची तपासणी होते, हजारो बॅगांबरोबर त्या वर चढतात आणि केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. आपण मात्र दुपारीच बोटीवर असतो. शेवटच्या रात्रीही तेच. बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या, त्या रातोरात उचलल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर उतरल्यावरच पुन्हा ताब्यात मिळतात. म्हणजे या दोन वेळा आपलं सामान आपल्या हातात नसतं. "काय न्यायचं ते नंतर बघू. आधी या दोन वेळांना हाताशी काय लागेल ते काढून ठेव," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि बाकीचं सगळं त्यावरून ठरत गेलं.

खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याचे कागद, चष्मे, चार्जर, प्रत्येकाचा एकेक कपड्यांचा जोड, लेकीचा पोहण्याचा पोशाख आणि सासूबाईंची औषधं एवढं गेलं. पोहण्याचा पोशाख वर ठेवायला तुम्ही मुद्दाम सांगितलं होतंत. पहिल्या दुपारी तलावाकाठी बॅगेची वाट बघत हिरमुसून बसलेली मुलं तुम्ही दरवेळी पाहिली होतीत. आमची लेक त्या दुपारी पाण्यात होती.

औषधांवर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात आणि त्यासाठी मी तुमची खरोखर ऋणी आहे. गोळ्या सुट्या करून डबीत भरायच्या नाहीत, मूळ पाकिटातच न्यायच्या. मुक्काम जितका, त्यापेक्षा काही दिवसांच्या जास्त घ्यायच्या, कारण वादळामुळे बंदर बदलू शकतं, परतीचं विमान चुकू शकतं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या मूळ घटकाचं नाव लिहून घ्यायचं, कारण एका देशातलं ब्रँडचं नाव दुसऱ्या देशातल्या दुकानदाराला कळेलच असं नाही. ही शेवटची गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती.

बोट लागण्याचंही तसंच. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते, हे सांगून तुम्ही थांबला नाहीत. कानामागे लावायच्या पट्टीबद्दल आम्ही विचारलं, तर "आधी डॉक्टरांना विचारा, काचबिंदू आहे का ते सांगा" म्हणालात. ती स्कोपोलामिनची पट्टी. लावल्यावर असर यायला सुमारे 4 तास लागतात, मग ती 3 दिवस चालते, पण काचबिंदूच्या एका प्रकारात ती अजिबात चालत नाही. सासूबाईंना तोच प्रकार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांच्यासाठी दुसरा उपाय सुचवला. तुम्ही बोलला नसतात तर आम्ही दुकानातून पट्टी आणून लावून मोकळे झालो असतो, वहिनी. त्याचा विचार आला की अजूनही पोटात गोळा येतो.

विजेबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते ह्यांना इतकं पटलं, की ते आता भेटेल त्याला सांगत असतात. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रलची तार जमिनीशी जोडलेली असते. बोटींवर बहुधा तशी जोडणी नसते, दोन्ही तारांमध्ये दाब असतो. त्यामुळे घरी विजेच्या अचानक वाढणाऱ्या दाबापासून उपकरणं वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर तिथे तापून आग लावू शकतो. भर समुद्रात आग म्हणजे काय, हे तुम्ही फार बोलून दाखवलं नाहीत, पण तुमचा आवाज बदलला होता. सर्ज प्रोटेक्टर, इस्त्री, किटली, मेणबत्ती या गोष्टी तपासणीत काढून घेतात. साधी एक्स्टेन्शन वायरही बऱ्याच कंपन्यांना चालत नाही, म्हणून आपल्या कंपनीचे नियम आधी वाचायचे. आम्ही चार यूएसबी तोंडांचा, सर्ज प्रोटेक्शन नसलेला एकच चार्जर नेला आणि वेगवेगळ्या प्रकारच्या प्लगसाठी ॲडाप्टर. केबिनमध्ये सॉकेट मोजकेच होते आणि सगळ्यांचे फोन त्या एकावर निभावले.

आणि ते लोहचुंबकाचे हुक! केबिनच्या भिंती बहुतेक पोलादाच्या असतात, हे मला कुठून माहीत असणार? दारामागे एक हुक लावला, त्यावर टोप्या आणि ओळखपत्राच्या दोऱ्या. बाथरूमच्या दाराशेजारी दुसरा, त्यावर ओले कपडे. आरशाजवळच्या तिसऱ्यावर सासूबाईंची औषधांची पिशवी, म्हणजे रोज डोळ्यांसमोर. मूठभर जागेत चार माणसं राहायची तर जमीन मोकळी लागते आणि भिंती वापराव्या लागतात. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या, हेही तुमचंच. आमची केबिन आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. दिवा मालवला की मिट्ट काळोख, दिवस की रात्र तेही कळत नाही. हालचाल झाली की लागणारा बॅटरीचा छोटा दिवा तुम्ही सुचवला होतात, तो बाथरूमच्या वाटेवर ठेवला. सासूबाई रात्री दोनदा उठतात. त्या कुठेही अडखळल्या नाहीत, याचं सगळं श्रेय तुम्हाला.

निजण्यापूर्वी बूट, चष्मा आणि औषधांची पिशवी पलंगाशी ठेवायची, ही तुमची सक्ती लेकीला आधी उगाच वाटली. मग निघण्यापूर्वी सुरक्षेची कवायत झाली, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला, आपलं जमायचं ठिकाण पाहिलं, तेव्हा ती आपणहून बूट लावून ठेवायला लागली. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बोट कलंडली आणि 32 जणांचा जीव गेला. काही प्रवाशांची कवायत तेव्हा झालीच नव्हती. 2015 पासून आंतरराष्ट्रीय नियमच आहे, की कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी व्हायलाच हवी. तुम्ही हे आम्हाला घाबरवायला सांगितलं नव्हतंत. कुणी कवायत टाळायला गेलं तर त्याला थांबवता यावं, म्हणून सांगितलं होतंत.

कपड्यांवर तुम्ही फार बोलला नाहीत आणि खरंच फार बोलण्यासारखं नाही. एखाद्या औपचारिक संध्याकाळसाठी एक चांगला पोशाख, डेकवरच्या वाऱ्यासाठी विंडचीटर, जेवणघरातल्या एसीसाठी शाल, ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या चपला आणि बंदरावर चालायला वापरून सैल झालेले, सवयीचे बूट. शाल धार्मिक स्थळी खांदे झाकायलाही कामी आली. एक गोष्ट मात्र नवीन होती: बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया अशा काही कॅरिबियन देशांत सैनिकी छापाचे कपडे नागरिकांना घालायला कायद्याने मनाई आहे. ह्यांची तशी अर्धी विजार बॅगेतून बाहेर आली.

साधं मनगटी घड्याळ न्या, असंही तुम्ही बजावलंत. फोन बंदराची स्थानिक वेळ आपोआप धरतो आणि बोटीची वेळ वेगळी असू शकते. परत चढायची वेळ बोटीच्या घड्याळावर असते आणि स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. फोन विमानाच्या मोडवर ठेवायचा, नाहीतर भर समुद्रात तो बोटीच्या महागड्या नेटवर्कला जोडला जातो. घड्याळ बोटीच्या वेळेला लावून सासूबाईंच्या हाती बांधलं. प्रत्येक बंदरावर त्याच आम्हाला "चला आता" म्हणायच्या. हे काम त्यांना मनापासून आवडलं. घरी आल्यावरही घड्याळ हातातून उतरलेलं नाही.

साबणाच्या वड्याही तुम्ही घ्यायला लावल्यात. नोरोव्हायरस नावाचा पोटाचा विषाणू बोटींवर झपाट्याने पसरतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही, साबण-पाण्याने 20 सेकंद हात धुणंच खरं. जेवणघराच्या दारात उभं राहून लोकांना हात धुवायला सांगणाऱ्या मुलांना बघितलं, की मला तुम्ही आठवायचात.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवल्या. सकाळचे कपडे, चपला, दात घासायचं सामान, औषधं आणि पासपोर्ट आत राहिले. समोरच्या केबिनमधल्या एका बाईंनी सगळंच भरून दिलं होतं. सकाळी त्या आमच्या दाराशी आल्या, रात्रीच्याच कपड्यांत, फार कानकोंड्या झालेल्या. माझ्या पिशवीत लेकीचा एक जास्तीचा कुर्ता होता, तो त्यांना बरोबर बसला. तोही तुमच्याच सांगण्यावरून वर ठेवला होता, म्हणून त्यांचेही आभार तुमच्याकडे पोचवते.

वहिनी, तुम्ही दुसऱ्यांच्या केबिन लावण्यात ऐन उमेदीची वर्षं घालवलीत आणि कामावर असताना तुम्हाला डेकवर निवांत बसून समुद्र पाहायला फारसा वेळ मिळाला नाही, हे दादाने मला नंतर सांगितलं. पुढच्या वेळी तुम्ही दोघं आमच्याबरोबर या. तुमची बॅग मी भरून देईन. तुमच्याच पद्धतीने.

तुमची,
नणंद