तक्रार नाही म्हणजे कचरा नाही का?

संपादकसाहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात शहरातल्या कचऱ्याच्या स्पॉटचा नकाशा आला होता, तो बघून हसावं का रडावं तेच कळेना, कारण त्यात आमची वस्ती एकदम चकाचक, एक लाल ठिपका नाही! आणि हे लिहिताना मला दारातून नाल्याच्या कडेला पडलेला अख्खा कमोड दिसतोय, बाजूला फुटक्या टाइल्सची पोती आणि पावसात फुगलेली गादी.

झालंय असं की तो नकाशा अ‍ॅपवरच्या तक्रारी मोजून काढलाय. आमच्याकडची माणसं पहाटे कामाला बाहेर पडतात, बायका चार घरची धुणीभांडी करून दुपारी येतात, अ‍ॅप टाकायला फोनात जागा कुणाकडे आहे. मी टाकलं, तीनदा फोटो पाठवला, तिन्ही वेळा दोन दिवसांत तक्रार बंद, आणि पुरावा म्हणून फोटो कुठला तर डांबरी रस्त्याचा. आमच्या गल्लीत डांबर आहेच कुठे! तिकडे सोसायट्यांच्या भागात एक शहाळं पडलं तरी दहा जण फोटो टाकतात, मग ठिपका तिकडे आणि गाडी पण तिकडेच.

बरं, हा कमोड आमचा नाही. आम्ही सगळे सार्वजनिक संडासात जातो, आमच्याकडे कमोड येणार कुठून? फ्लॅटची बाथरूम नव्याने करतात त्याचा हा राडारोडा, रात्री साडेअकरानंतर छोटा हत्ती येतो, शनिवारी तर हमखास, लाइट बंद करून मागचं फळकूट पाडलं की पाच मिनिटांत पसार. २०१६ साली केंद्राने राडारोड्याचे वेगळे नियम केले त्यात दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रोजेक्टमागे ३०० टन निघत असेल तर आधी प्लॅन द्यायचा असं होतं. एका बाथरूमचे कसले २० टन! नेऊन टाकायची जबाबदारी अशा छोट्या कामवाल्यांचीही होतीच म्हणा, पण घरमालक ठेकेदाराला पैसे देतो, ठेकेदार टेम्पोवाल्याला, आणि टेम्पोवाला आमच्या नाल्याला. मुंबईत निदान डेब्रिज ऑन कॉल आहे, फोन केला की महापालिका उचलून नेते.

मागे एकदा इथला ढीग उचलून रांगोळी काढली, कुंड्या ठेवल्या, फोटोबिटो झाले. तिसऱ्या दिवशी सोफा आला. कुंड्या त्याआधीच गेल्या होत्या, ते काम मात्र आमच्यातल्याच कुणाचं, खोटं कशाला बोलू.

माझं म्हणणं एवढंच की ढीग मोजायचं काम तक्रारीवर सोडू नका. मुकादम रोज सकाळी हजेरी घेऊन फिरतोच ना, त्यालाच सांगा जिथे ढीग दिसेल तिथे फोटो काढ आणि काय पडलंय ते लिही, टाइल्स, गाद्या, कोंबडीची पिसं, जे असेल ते. महिन्याभरात कळेल माल कुठून येतोय. ती यादी वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा. आणि अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकायला एक रकाना द्या, आत्ता फक्त ढिगाचा फोटो जातो, ढीग थोडाच पळून जाणार आहे.

माझं आणि गल्लीचं नाव छापू नका, टेम्पोवाला तोंडओळखीचा आहे. गेल्या शनिवारच्या गाडीचा नंबर वहीत लिहून ठेवलाय, शेवटचा आकडा चिखलामुळे ३ का ८ ते दिसलं नाही. कुणाकडे द्यायचा तेवढं छापा.

– नाल्याकडेचा एक वाचक