जांभ्याच्या चर्चला चुनाच हवा

महोदय,

पावसाळा ओसरला की गोव्यात चर्चच्या भिंतींची डागडुजी सुरू होते. फेस्ताआधी, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाआधी, काम उरकायचे म्हणून जुना गिलावा खरवडून सरळ सिमेंट थापले जाते. हे थांबायला हवे.

आपली जुनी चर्च जांभ्याची आहेत. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंटमधून पडत नाही. सिमेंटला बारीक तडे जातात, तिथून पाणी आत शिरते आणि तिथेच अडकते. क्षार साठतात, दगडाची माती होते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. ठोकल्यावर पोकळ आवाज आला की समजावे, आतला जांभा गेला. पायथ्याशी सिमेंट किंवा फरशी लावली तर जमिनीची ओल भिंतीत आणखी वर चढते.

दगड शोभतो म्हणून गिलावा काढून टाकणेही तितकेच घातक. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचा (१६०५) बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला गेला. तेव्हापासून तिचा उघडा जांभा प्रत्येक पावसात झिजतो आहे. दर्शनी भागातील नक्षीचा काळा दगड वसईचा बेसॉल्ट, तो टिकतो. जांभ्याला मात्र पांघरूण लागतेच.

काम करताना आधी कौले आणि पन्हळ दुरुस्त करावेत, नाहीतर गिलाव्याचा खर्च वाया जातो. चुनकळी विरवून किमान तीन महिने पाण्याखाली मुरू द्यावी. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली रेती. खाडीची खारट रेती अजिबात नको. भिंत ओलसर करून १०-१२ मिलिमीटरचे थर द्यावेत आणि पहिला थर घट्ट झाल्यावरच दुसरा. ओले गोणपाट टांगून उन्हापासून जपावे, कारण घाईने सुकलेला चुना खडूसारखा भुरभुरतो. वर चुन्याच्या पातळ सफेदीचे तीन-चार हात. प्लास्टिक पेंट भिंतीचा श्वास पुन्हा कोंडतो, म्हणून तो टाळावा.

खरी अडचण वेळेची आहे. ऑक्टोबरात भिंती अजून ओल्याच असतात. पणजीच्या चर्चसारखे ८ डिसेंबरचे फेस्त असेल, तर तोवर फक्त सफेदी करावी आणि गिलाव्याचे मोठे काम जानेवारीत घ्यावे. फाब्रिकांनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समित्यांनी, निविदेतच ‘मुरवलेला चुना, सिमेंट नाही’ असे स्पष्ट लिहावे. मिश्रणात मूठभर सिमेंट घालण्याची कंत्राटदाराची सूचनाही मान्य करू नये.

– एक वाचक, पणजी